जोडाऱ्याचा पत्ता

खात्रीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या रुग्णालयात आता कुणी उरलं नव्हतं. ओळखपत्रावर असेल काय ते. पण तळमजल्यावरच्या नोंदणी खिडकीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहापर्यंत सगळ्यांच्या तोंडी खात्रीकाकाच. का, ते उघड आहे. प्रिंटर बंद पडला म्हणून त्यांना फोन करा, पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "बंदच आहे ना? खात्री आहे?" पासवर्ड विसरलो म्हणा. "विसरलातच ना? खात्री आहे?" लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! रुग्णालयातला प्रत्येक कॉम्प्युटर ज्या एका मोठ्या मशीनच्या जिवावर चालतो, ते सांभाळायचं काम सव्वीस वर्षं तुमच्या गळ्यात बांधलं असतं, तर पाहिलं असतं तुम्ही किती हसता ते.

घरीही तीच तऱ्हा. सकाळी कुलूप लावायचं, दोन जिने उतरायचे आणि पुन्हा वर जायचं, गॅस बघायला. खाली यायचं, पुन्हा वर, या वेळी नळ बघायला. बायको खालच्या पायरीवर पिशवी धरून उभी. तीही त्याच रुग्णालयात होती, तळघरातल्या कपडेखोलीत. फाटलेल्या चादरी, गाऊन, पडदे शिवायचं तिचं काम.

"अहो, मी स्वतः बंद केलाय गॅस."

"तू केलास गं, पण मी पाहिलं नाही ना."

सत्तावीस वर्षं हाच संवाद. तिने भांडून पाहिलं, हसून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी तिने पायरीवर बसून उसवलेली बटणं लावायला सुरुवात केली, म्हणजे निदान वेळ तरी सत्कारणी लागेल.

मशीनपुढे तर खात्रीकाकांची पूजाच चाले म्हणा. कमांड टाइप करायची. मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे, नखांना नुकताच रंग लावून बसल्यासारखे. मग ती कमांड मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचायची. मग स्वतःलाच विचारायचं, "खात्री आहे?" आणि मगच एंटर. पुसून टाकणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. एखादी नको असलेली फाइल सापडली की तिच्या नावाला 'जुनी' असं शेपूट लावायचं आणि आठवडाभर वाट बघायची. आठवड्यात कुणी ओरडलं नाही, तर पुसायची. ओरडलं तर शेपूट काढायचं, झालं. शिवाय मुख्य मशीनची कमांड लिहायची खिडकी उघडी टाकून आपण चुकून चहाला गेलो, आणि कुणी येऊन काही दाबलं तर? या विचाराने त्यांची झोप उडाली होती, म्हणून त्यांनी ती खिडकी तीन मिनिटं काही हालचाल झाली नाही तर आपोआप बंद होईल अशी सोय केली होती. एकदा खिडकी उघडली की ही सोय कुणाला बदलता येऊ नये म्हणून तिला कुलूपही घातलं होतं. कुणाला म्हणजे कुणालाही. स्वतःलासुद्धा.

त्या बुधवारी सकाळी त्यांनी जी चूक केली, ती बेफिकीर माणसाला जमलीच नसती. ती समजायची तर मशीनच्या आतली मांडणी थोडी सांगायला हवी. घाबरू नका, घराच्या मांडणीहून अवघड नाही.

मशीन जागं होतं तेव्हा त्याला लागणारी अगदी मूळची अवजारं असतात. फाइल दाखवणारं, हलवणारं, नाव बदलणारं, चालू करणारं, बंद करणारं. पूर्वी ही दाराजवळच्या छोट्या कपाटात असायची, आणि बाकीचा पसारा आतल्या मोठ्या कोठीत. कारण काय, तर त्या काळच्या डिस्क एवढ्याशा. सगळं एकीत मावायचं नाही, आणि कोठी उघडायच्या आधी हाताशी चार अवजारं तर हवीत. खात्रीकाका या दोन कपाटांतच लहानाचे मोठे झाले म्हटलं तरी चालेल. कुठली वस्तू कुठल्या कपाटात, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

आणि एक गोष्ट. यातलं एकही अवजार स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. प्रत्येकाला लागणारे सुटे भाग वेगळे ठेवलेले असतात आणि ते जोडून अवजार उभं करून देणारा एक जोडारी असतो. तोही एक प्रोग्रामच. प्रत्येक अवजाराच्या पोटात या जोडाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो: अमुक कपाट, अमुक कप्पा. तिथे जोडारी भेटला तर काम सुरू. नाही भेटला तर अवजार जागचं हलत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रुग्णालयात नवीन मशीन आलं. नव्या पद्धतीत छोटं कपाट उरलंच नव्हतं. सगळं सामान कोठीत, आणि कपाटाच्या जागी नुसती एक पाटी: 'सामान कोठीत आहे, तिकडे जा.' जुने पत्ते चालू राहावेत म्हणून ती पाटी. हे त्या कंपनीच्या जाड पुस्तकात लिहिलं होतं, आणि खात्रीकाकांनी ते पुस्तक वाचलंही होतं. पण सव्वीस वर्षांची सवय डोळ्यांवर बसली की वाचलेलं डोक्यात उतरतंय कुठे?

बुधवारी त्यांना दिसलं की डिस्क भरत आलीये. जागा कशाने खाल्लीये ते शोधता शोधता दाराजवळ, जुन्या कपाटाच्या जागी 'लिब चौसष्ट' नावाचा फोल्डर दिसला, आणि कोठीत अगदी त्याच नावाचा दुसरा. आत तेच भाग, तेवढेच मोठे. ही तर दुहेरी नक्कल! मशीन बसवणाऱ्यांनी गबाळेपणाने दोनदा उतरवली असणार, दुसरं काय. तरी खात्रीकाका ते खात्रीकाका. त्यांनी दोन्ही फोल्डरांमधली प्रत्येक फाइल तिच्या जोडीच्या फाइलशी ताडून पाहिली. एक फरक नाही. पुन्हा पाहिली. पुन्हा एक फरक नाही. तिसऱ्यांदा पाहिली. अहो, निघणार कुठून फरक? पाटीवरून आत गेलेला माणूस कोठीतच उभा असतो. ते कोठीची तुलना कोठीशीच करत होते, आणि ती तंतोतंत जुळते म्हणून समाधान पावत होते.

अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्यांनी कमांड लिहिली: बाहेरच्या 'लिब चौसष्ट'चं नाव 'लिब चौसष्ट जुना' कर. हात मांडीवर ठेवले. मोठ्याने वाचलं. "खात्री आहे?" आहे. एंटर.

मग सवयीप्रमाणे यादी मागितली. मशीनने उत्तर दिलं: असं काही सापडलं नाही.

काय सापडलं नाही? पुन्हा मागितली. असं काही सापडलं नाही. तारीख विचारली. असं काही सापडलं नाही. नाव परत बदलायची कमांड दिली. असं काही सापडलं नाही. आणि तेव्हा त्यांना ते जाड पुस्तक आठवलं, त्यातलं ते पान आठवलं, पानावरचा पाटीपासून कोठीकडे जाणारा बाण आठवला, आणि पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्यांनी पाटी उखडली होती. सगळं सामान जागच्या जागी होतं, एक भाग हरवला नव्हता. पण ज्या पत्त्यावर जोडारी भेटायचा तो पत्ताच उरला नव्हता, त्यामुळे नवीन काहीच सुरू होईना. शेपूट काढायचं, झालं! पण शेपूट काढणाऱ्या अवजारालासुद्धा जोडारी लागतोच की.

टेबलावरचा फोन वाजला. रक्तपेढी सांभाळणारी बाई होती.

"काका, लेबलं निघत नाहीयेत."

"निघतच नाहीयेत ना?" त्यांच्या तोंडून गेलं, आणि पुढचे दोन शब्द त्यांनी गिळून टाकले.

"अहो काका, गंमत करायची वेळ नाही. वर प्रसूतिगृहात एका बाईला रक्तस्राव होतोय, थांबत नाहीये. बाळ ठीक आहे, पण तिचं काही खरं नाही. दोन पिशव्या गेल्यात, अजून दोन मागितल्यात. पिशव्या समोर आहेत माझ्या. लेबलाशिवाय मी सोडू कशी?"

लेबलाचा नियम तिचा एकटीचा नव्हता. हाताने लिहिलेल्या लेबलांमुळे पूर्वी एकदा पिशव्यांची अदलाबदल होता होता वाचली होती, तेव्हापासून छापील लेबल लागल्याशिवाय पिशवी पेढीबाहेर जात नसे. आणि प्रत्येक लेबल छापायला मशीनवर एक छोटा प्रोग्राम नव्याने सुरू व्हायचा. आधीपासून चालू असलेले प्रोग्राम अजून चालत होते, त्यांची जोडणी कधीच झालेली होती. म्हणून बाकी रुग्णालयाला पत्ताही नव्हता. पण नवीन काही नाही. एक लेबलसुद्धा नाही.

"किती वेळ लागेल, काका?"

"बघतो," ते म्हणाले.

"बारापर्यंत वाट बघते. मग हाताने लिहिते, दोघांच्या सह्या घेऊन. वेळ लागतो त्याला."

बारा. तो आकडा ऐकून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला जनरेटरची चाचणी होती. दर महिन्यात एका बुधवारी वीजतंत्री मुख्य वीज तोडायचा, दोन सेकंद अंधार, मग जनरेटर. शस्त्रक्रियागृहाला वेगळ्या बॅटऱ्या होत्या, त्यांना काही फरक पडत नसे. मशीनलाही पडला नसता. पण मशीनची बॅटरी परवाच दुरुस्तीला गेली होती. दोन सेकंद वीज गेली की मशीन बंद पडणार, आणि बंद पडलं की पुन्हा जागं होणार नाही. जागं व्हायलाही तीच अवजारं लागतात ना! मग लेबलंच काय, कुणाचा रक्तगट कोणता हेसुद्धा पडद्यावर दिसणार नाही.

त्यांनी जनरेटरच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, चार वेळा. ती खोली इमारतीच्या पार मागे, आणि वीजतंत्री कानावर बोळे घालून बसणारा. त्याला फोन ऐकू येईल तर शपथ. आणि मध्येच त्यांना ती खिडकी आठवली. उघडी असलेली एकुलती एक खिडकी. ती बंद झाली तर दुसरी उघडणार नव्हती, कारण खिडकी म्हणजेही नवीन प्रोग्रामच. आणि ती तीन मिनिटांत आपोआप बंद व्हायची सोय कुणी केली होती? कुलूप कुणी घातलं होतं? त्यांनी झडप घालून एंटर दाबलं. मग मिनिटभराने पुन्हा. इथून उठलो तर खिडकी जाणार, आणि नाही उठलो तर बाराला वीज जाणार. कपाळाला हात लावायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

अकरा पन्नासला दार ढकलून बायको आली. ती रोज याच वेळी डबा घेऊन यायची. गळ्यात मोजपट्टी, दंडाला सुयांची गादी, कमरेला कात्री तशीच.

"हे काय, चेहरा असा का? गॅस चालू राहिला का काय?"

"इकडे ये. बस. बस आधी!"

या सुरात ते तिच्याशी सत्तावीस वर्षांत बोलले नव्हते. ती बसली.

"हे बटण. याला एंटर म्हणतात. दर मिनिटाला एकदा दाबायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तीन मिनिटं राहिलं तर सगळं संपलं. आणि मशीन कुणाला बंद करू द्यायचं नाही. कुणालाही नाही."

"पण झालंय काय?"

"वर एक बाई आहे, तिचं रक्त माझ्यामुळे अडलंय," ते म्हणाले. "मी जिवाच्या आकांताने तपासून, तीनदा तपासून, चूक केलीये गं."

तिने डबा खाली ठेवला, तर्जनी त्या बटणावर ठेवली आणि म्हणाली, "जा तुम्ही. मी आहे." ते दारापर्यंत गेले, थांबले, वळले. तोंड उघडलं.

"आहे खात्री!" ती ओरडली. "निघा!"

छप्पन वर्षांचा माणूस जिन्यावरून पळतो तेव्हा तो पळतो कमी आणि कोसळतो जास्त. खात्रीकाका तळमजल्याच्या लांब व्हरांड्यातून धावत होते, आणि त्यांच्या डोक्यात एकच घोळ: ती विसरली तर? कोपर दुसऱ्या बटणावर पडलं तर? मागचं दार, अंगण, कोळशासारखा काळा पडलेला पत्रा आणि त्यामागे जनरेटरची खोली. वीजतंत्री स्वीचवर हात ठेवून घड्याळाकडे बघत होता. बाराला चार मिनिटं कमी होती.

"थांब!" त्यांनी त्याचा दंडच धरला. "आज नाही. वीज तोडू नकोस. पाया पडतो."

वीजतंत्र्याने कानातले बोळे काढले. "अहो काका, श्वास घ्या आधी. फोन करायचा ना."

"चार वेळा केला. तू उचलशील तर ना."

"इथे फोन कुणाला ऐकू येतो? बरं झालं स्वतः आलात. माणूस कुठे बसलाय ते माहीत असलं की थेट जाऊन हाताला धरायचं, फोनबिन कशाला?" तो हसला, आणि स्वीचला लाल चिठ्ठी अडकवायला वळला.

खात्रीकाका मात्र हसले नाहीत. ते अंगणात चार पावलं गेले आणि उभेच राहिले. थेट जायचं. अवजारं जुन्या पत्त्यावर जोडाऱ्याला हाका मारतायत, आणि तिथे कुणी नाही. पण जोडारी मेलाय थोडाच! तो कोठीत बसलाय, आणि कोठीचा पत्ता मला माहीत आहे. मीच जर त्याच्या खऱ्या पत्त्यावर गेलो आणि अवजार त्याच्या हातात दिलं, की बाबा, एवढं उभं करून दे? बरोबर असेल का हे? कधीतरी, वीस वर्षांपूर्वी, कुठल्याशा प्रशिक्षणात कुणीतरी फळ्यावर असंच काही लिहिलेलं त्यांना अर्धवट आठवत होतं. खात्री? कसली खात्री! ते पुन्हा पळत सुटले.

खोलीच्या दारातच ते थांबले. आत रुग्णालयाचे अधीक्षक साहेब उभे होते, मशीनच्या लोखंडी कपाटापुढे. आणि कपाटाला पाठ लावून बायको. एक हात लांबवून तिने कीबोर्डवरचं बटण धरलेलं, आणि दुसऱ्या हातात कापड कापायची मोठी कात्री.

"बाई, बाजूला व्हा. रक्तपेढीचा खोळंबा झालाय. बंद करून चालू केलं की सगळं ठीक होतं, एवढं मलाही कळतं."

"तुम्हाला कळत असेल, साहेब. मला काहीच कळत नाही. मला एवढंच सांगितलंय, कुणालाही नाही."

"साहेब," खात्रीकाका धापा टाकत म्हणाले, "बंद केलं तर पुन्हा चालू होणार नाही. मला दोन मिनिटं द्या."

"होईल ना दोन मिनिटांत? नक्की?"

असं कुणी त्यांनाच विचारायची ही पहिली वेळ. ते खुर्चीत बसले. बायकोने बोट बटणावरून हलवलं नाही. ते बाजूने टाइप करू लागले. पहिल्यांदा अक्षर चुकलं. खोडलं. घामाने बोटं घसरत होती. यादीचं अवजार चालत नव्हतं, पण खिडकीला स्वतःच्या अंगची एक-दोन कामं येत होती, ती कुणाच्या मदतीशिवाय व्हायची. त्यातल्या एकाने त्यांनी कोठीतल्या नावांची रांग पडद्यावर ओतून घेतली आणि तिच्यात जोडाऱ्याचं लांबलचक नाव बोटाने शोधलं. सापडलं. ते पूर्ण पत्त्यासकट लिहिलं. त्यापुढे नाव बदलणाऱ्या अवजाराचा कोठीतला पत्ता. त्यापुढे 'लिब चौसष्ट जुना', आणि शेवटी नुसतं 'लिब चौसष्ट'.

दोन्ही हात आपसूक मांडीवर गेले. त्यांनी मोठ्याने वाचलं, अक्षर न् अक्षर. मग थांबले. सकाळीही असंच वाचलं होतं. हेच हात, हीच मांडी. लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं सकाळी, आणि मनात होतं तेच मुळात चूक होतं. ते काही वाचून कळत नाही. घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं. वर पेढीत ती बाई पहिलं लेबल लिहायला बसली असणार.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मला खात्री नाहीये."

"मग दुसरं काही सुचतंय?"

"नाही."

तिने बटण दाबलं.

पडद्यावर काहीही आलं नाही. नुसती पुढची रिकामी ओळ. अधीक्षक साहेब म्हणाले, "काय, नाही ना झालं?" पण खात्रीकाका खुर्चीत पुढे सरकले होते, कारण या मशीनची रीतच अशी, चुकलं की बोलतं आणि जमलं की गप्प बसतं. त्यांनी यादी मागितली. सरसरत यादी आली. तारीख विचारली. तारीख आली. आणि त्या तारखेकडे बघत तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला, अधीक्षकांच्या देखत.

फोन बायकोने उचलला. पलीकडून रक्तपेढीच्या बाईचा आवाज खोलीभर ऐकू आला, "निघाली! सगळी निघाली, तिची आणि बाकीच्यांची, अडकलेली सातच्या सात! पिशव्या वर पाठवतेय." एक पिशवी तिने हाताने लेबल लिहून आधीच पाठवली होती. त्याबद्दल ती पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत राहिली, लेबल बरोबर असूनसुद्धा.

अधीक्षक साहेब माणूस वाईट नव्हते. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "अहवाल लागेल. नवीन मशीनचा दोष लिहून टाका. तीन आठवड्यांचं तर आहे ते, कोण विचारतंय?" खात्रीकाकांनी मान हलवली. अहवालात मात्र त्यांनी लिहिलं: 'सकाळी ११.४१ ला मी पूर्ण खात्री करून चूक केली. १२.०२ ला खात्री नसताना दुरुस्त केली. लेबलं एकवीस मिनिटं बंद होती. कारण मी.' शिवाय तीन मिनिटांच्या त्या सोयीचं कुलूप काढून ठेवलं, तेही लिहिलं. डबा तसाच परत गेला.

प्रसूतिगृहातली ती बाई जगली. संध्याकाळी सहाला रक्तपेढीतून निरोप आला की तिने डोळे उघडले, आणि बाळ कुठे आहे विचारलं. खात्रीकाकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो काही पूर्ण पडेना. घरी येऊन ते खिडकीशी बसून राहिले. दिवा लावायला उठलेली बायको त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"चार वाजता तिच्या खाटेवरच्या चादरी आल्या माझ्याकडे," ती म्हणाली. "अकरा आल्या."

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"त्यातल्या किती त्या एकवीस मिनिटांतल्या, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण तुम्ही विचार करत बसणार, म्हणून मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

ती शेजारी टेकली. उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताने चोळत होती.

"तुम्ही बाहेर गेलात ना, तेव्हा मी आधी साठ आकडे मोजून दाबत होते. मग वाटलं, मोजताना चुकले तर? म्हणून तीसवर दाबायला लागले. मग दहावर. मग साहेब आले तेव्हा नुसती दाबतच सुटले. दाबलं गेलं का नाही, तेच कळेना. पडद्याकडे बघू की साहेबांकडे बघू? अहो, आठ-दहा मिनिटं असेन मी तिथे. माझं पोट अजून दुखतंय." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला रोजच असं होतं?"

त्यांनी मान हलवली. होय.

"आणि मी सत्तावीस वर्षं हसले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कुलूप लावून खाली उतरले. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर ते नेहमीसारखे थबकले. वर पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, "चल," म्हणाले आणि पुढची पायरी उतरले.

ती उतरली नाही. पिशवी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "तुम्ही बसा इथे. गॅस मी बघून येते." आणि किल्ली घेऊन ती वर गेली.